खिशांतला कॅमेरा व रस्त्यावरील माणूस

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे वरच्या इयत्तांतील मुलांचे पालक आम्हां शिक्षकांस एक प्रश्न हमखास विचारूं लागतात : "सर, पोराला कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊं?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. पहिला पैशाचा, तो दुकानदार आपल्या सोयीनें सोडवून देतो. दुसरा असा, कीं हा कॅमेरा घेऊन मुलगा जाणार कोठें व तो कोणाच्या तोंडासमोर धरणार? हा मात्र कोणी विचारीत नाहीं. माझें म्हणणें असें आहे कीं, दुसऱ्या प्रश्नाचा विचार केल्यावांचून पहिल्याचें उत्तर देतांच येत नाहीं. निदान ज्याला रस्त्यावरील चित्रें काढण्याची हौस आहे त्याला तरी नाहींच नाहीं.

रस्त्यावरील छायाचित्रण हा शब्द आमच्या मुलांत आतां चांगलाच रुळला आहे. लग्नांतले फोटो नव्हेत कीं कासच्या पठारावरील फुलें नव्हेत. साताऱ्यांत राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत पायीं जावें, किंवा सांगलींत गणपति पेठेंतून बाजारांत शिरावें, आणि जें आपोआप घडत आहे तें, कोणास उभें न करतां, टिपावें, असा हा छंद आहे. बोहारीण जुन्या लुगड्यावरून घासाघीस करीत असते. पेढेवाल्याच्या दुकानांतील पोऱ्या परात घासतां घासतां रस्त्याकडे बघत असतो. पोवई नाक्यावर दोन वृद्ध गृहस्थ छत्री एकच असल्यामुळें एकमेकांना आग्रह करीत असतात. असल्या गोष्टी दोन-चार क्षण टिकतात. यंत्र पिशवींतून काढून, त्याला योग्य तें भिंग जोडून, तें डोळ्याला लावीपर्यंत बोहारीण पुढच्या आळींत गेलेली असते. म्हणून ह्या कामीं यंत्राचा पहिला गुण, तें जवळ असणें. जें रोज बरोबर बाळगण्याचा कंटाळा येतो, तें कितीही उत्तम असलें तरी ह्या कामाचें नव्हे.

ही गरज आजची नाहीं. जर्मनींतील वेट्झलर येथील लाइट्झ कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कसबी कारागीर होता. त्याला दम्याचा विकार होता व त्या काळचे कांचेच्या तबकड्यांचे जड कॅमेरे डोंगरावर वाहून नेणें त्याला झेपत नसे. त्यानें सिनेमाची अरुंद फिल्म घेऊन, पहिल्या महायुद्धाच्या आगेंमागें, मुठींत मावेल असें एक यंत्र बनविलें. युद्धामुळें तें मागें पडलें व १९२५ सालीं 'लायका' या नांवानें बाजारांत आलें. त्याआधीं अमेरिकेंत ईस्टमन यानें १८८८ सालीं कोडॅक व १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा 'ब्राउनी' काढून फोटो ही वस्तु सामान्य घरांत आणिलीच होती. आमच्याकडे तेंच काम, बऱ्याच उशिरां, बडोद्यास तयार होणाऱ्या 'आगफा क्लिक-३' या कॅमेऱ्यानें केलें. एका रिळावर बारा चौकोनी चित्रें. त्यांतलीं तीन जत्रेंत, चार लग्नांत, आणि उरलेलीं पुढच्या वर्षापर्यंत राखून ठेवलेलीं, अशी काटकसर वडिलांच्या पिढीनें केली आहे. त्या काटकसरींत एक गुण होता. पण तिचें फार कौतुक करणें मला पसंत नाहीं. गरिबींतून आलेल्या संयमाला सद्गुण म्हणणें श्रीमंतांना सोपें जातें.

आतां निवड. दुकानदार बहुधा मोठा काळा कॅमेरा व त्याबरोबर दोन भिंगें अशी पेटी पुढें करितो. दुसरें भिंग लांबचें जवळ आणणारें असतें, व मुलाच्या डोळ्यांत तेंच भरतें. रस्त्यासाठीं तें घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. त्या भिंगानें वीस पावलांवरून एखाद्याचा चेहरा काढतां येतो हें खरें. पण तें चित्र पाहणाऱ्यालाही वीस पावलांवरूनच पाहिल्यासारखें वाटतें. मागचा बाजार धुरकट होतो, आजूबाजूचीं माणसें कापलीं जातात, आणि उरतो तो एक चेहरा, जो कोणत्याही गांवचा असूं शकेल. मग तें चित्र साताऱ्याचें कशावरून?

याउलट एकच, न बदलणारें व थोडें रुंद दृष्टीचें भिंग असलेला लहान कॅमेरा घ्यावा. जुन्या फिल्मच्या मापानें बोलावयाचें तर २८ किंवा ३५ मिलिमीटर. असल्या भिंगानें माणूस नीट यावयाचा तर दोन-तीन पावलांवर जावें लागतें. महिनाभर तेंच भिंग वापरलें म्हणजे चौकटींत काय येईल व काय बाहेर राहील हें यंत्र वर न उचलतांच कळूं लागतें. हात व डोळा यांची गांठ पडते. शिवाय फोकसची कटकटही जवळजवळ नाहींशी होते. २८ मिलिमीटरच्या दृष्टीचा, अलीकडील मध्यम आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा घ्या, भिंगाचें छिद्र ८ या आंकड्यावर व अंतर दोन मीटरवर कायम करून ठेवा. सुमारें एका मीटरपासून रस्त्यापलीकडच्या दुकानापर्यंत सारें पुरेसें स्पष्ट येतें. यंत्रानें शोधाशोध करण्याचें कारणच उरत नाहीं. दिवसाउजेडीं शटर सेकंदाच्या अडीचशाव्या भागावर ठेवलें कीं चालत्या माणसाचा पायही हलत नाहीं. ही युक्ति जुन्या फिल्मवाल्यांना पाठ होती. आजच्या मुलांना ती एकदां शाळेच्या अंगणांत खडूनें एक-एक मीटरच्या रेघा ओढून दाखविली, तर पंधरा मिनिटांत समजते.

नांवें सांगावयाचीं तर ह्या जातीचे दोन कॅमेरे जगभर नांवाजलेले आहेत. एक जपानी 'रिको जीआर'. २०१३ सालापासून त्यांत मोठा सेन्सर आला, आणि २०१९ मधील तिसरी आवृत्ति बॅटरीसकट अवघी २५७ ग्रॅम भरते. सदऱ्याच्या खिशांत ती सहज मावते. दुसरा फुजीफिल्मचा 'एक्स १००'. ही मालिका २०११ सालीं सुरू झाली. तिची २०२४ मधील आवृत्ति ५२१ ग्रॅम वजनाची आहे व तीस डोळ्याला लावून पाहण्याची खिडकी आहे, जी रिकोला नाहीं. पण ह्या नव्या आवृत्तीची किंमत दीड लाखाच्या घरांत जाते. शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या हातीं इतक्या किमतीची वस्तु देऊन त्याला गर्दींत पाठविणें हें मला शहाणपणाचें वाटत नाहीं. चोरीची भीति असतेच. त्याहून मोठी गोष्ट अशी, कीं ज्याच्या हातांत बापाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराची वस्तु आहे तो मुलगा चित्राकडे न पाहतां वस्तूकडेच पाहत राहतो.

त्यापेक्षां जुन्या आवृत्त्या पाहाव्या. रिकोची २०१३ ची किंवा २०१५ ची आवृत्ति हाताळलेली मिळाली तर उत्तमच. तीही परवडत नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि ती मला सर्वांत पसंत आहे. आमच्याकडे लग्नाचे फोटो काढणारे बरेच जण जुने कॅनन कॅमेरे विकावयास काढतात. त्यांवर बसणारें २४ मिलिमीटरचें एक चपटें भिंग २०१४ सालापासून मिळतें. वजन सव्वाशें ग्रॅम, व दृष्टि जुन्या मापानें ३८ मिलिमीटरच्या आसपास. मोठें भिंग काढून हें लावलें कीं तोच अवजड कॅमेरा निम्मा दिसूं लागतो. खिशांत मावणार नाहीं, पण दप्तरांत मावतो.

येथें कोणी म्हणेल, मोबाइल असतांना हा खटाटोप कशाला? मी मोबाइलचा शत्रु नाहीं. त्याचें मुख्य भिंग साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या दृष्टीचें असतें, म्हणजे तोही जवळ जाण्यास भाग पाडतो. आणि ज्या घरांत कॅमेऱ्यासाठीं पैसा नाहीं तेथील मुलानें मोबाइलवरच शिकावें, कमीपणा मुळींच मानूं नये. माझ्या दोन तक्रारी आहेत. मोबाइल आपण होऊन सावल्या उजळतो, आकाश निळें करितो, आजीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या पुसून टाकतो. मुलानें काय पाहिलें तें उरत नाहीं. दुसरी तक्रार अशी, कीं चित्र काढल्यानंतर तें पाहणें व जगभर पाठविणें यांमध्यें अंगठ्याच्या एका हालचालीचें अंतर आहे. त्या अंतराचें महत्त्व पुढें सांगतों.

तत्पूर्वीं आमच्या हवेविषयीं थोडेंसें, कारण परदेशांतील परीक्षक ह्या गोष्टीचा विचार करीत नाहींत. साताऱ्याचा पाऊस मुरवणीचा, दिवस-दिवस लागून राहणारा. सांगलीकडे उन्हाळ्यांत धूळ. आणि बाजार-आवारांत हळदीचा हंगाम असला म्हणजे तर हवाच पिवळी होते. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. कॅमेऱ्याच्या दृष्टीनें मात्र तिच्याएवढा बारीक व चिवट शत्रु दुसरा नाहीं. लहान कॅमेऱ्यांपैकीं पुष्कळांचें भिंग बटण दाबतांच नळीसारखें बाहेर येतें व पुन्हां आंत जातें. दर वेळीं ती नळी पिचकारीप्रमाणें बाहेरची हवा आंत ओढते, व हवेबरोबर धूळ. एकदां ती सेन्सरवर बसली कीं प्रत्येक चित्रांतील आकाशावर ठिपका उमटतो, आणि असला कॅमेरा उघडून साफ करणें घरच्या माणसाचें काम नव्हे. म्हणून हळदीच्या आवारांत, हरिपूरच्या पेवांजवळ, किंवा गुऱ्हाळावर जातांना नळीचा कॅमेरा आंत-बाहेर खेळवूं नये. एकदां सुरू करावा तो बाहेर पडेपर्यंत तसाच ठेवावा. ज्याचें भिंग बदलतां येतें त्यानें तेथें तें बदलूं नये. एवढी शिस्त पाळली तर यंत्र वर्षानुवर्षें टिकतें.

आतां त्या अंतराविषयीं.

लहान कॅमेऱ्याची स्तुति करणारे बहुतेक जण एक कारण मोठ्या आनंदानें सांगतात, कीं तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. माझा ह्याच कारणाला विरोध आहे. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीनें झांकीत असे, हें प्रसिद्ध आहे. तो १९४८ सालीं दिल्लींत होता. ३० जानेवारीस महात्माजींच्या वधाच्या थोडाच वेळ आधीं तो त्यांना भेटला, आणि नंतरच्या शोकाचीं त्याचीं चित्रें जगानें पाहिलीं. तीं थोरच आहेत. पण त्याच दिल्लींत, त्याच काळांत, आमच्या जे. जे. स्कूलमध्यें शिकलेल्या होमाई व्यारावाला साडी नेसून, स्पीड ग्राफिकसारखा जाडजूड कॅमेरा घेऊन हिंडत होत्या. त्यांना कोणी पाहिलें नाहीं असें होणें शक्यच नव्हतें. त्यांचींही चित्रें थोर आहेत. तेव्हां लपण्यावांचून चांगलें चित्र येत नाहीं, हा सिद्धान्त टिकत नाहीं.

दुसरा इतिहास याहून जुना आहे व तो आमच्या अधिक जवळचा. मुंबईस छायाचित्रणाची संस्था १८५४ सालींच स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तेथील आरंभीच्या हौशी छायाचित्रकारांपैकीं एक होत. त्याच मुंबईंत विल्यम जॉन्सन या इंग्रज गृहस्थानें शहरांतील जातिजमातींच्या चित्रांचे दोन मोठे खंड १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केले. त्यांतील माणसांचे फोटो एकीकडे घेतलेले आहेत, आणि त्यांच्या मागचीं देवळें व रस्ते दुसरीकडून आणून जोडलेले. खालीं जात, धंदा लिहिलेला; माणसाचें नांव सहसा नाहीं. तें पुस्तक चाळतांना माझ्या मनांत नेहमीं एकच विचार येतो, कीं ज्यांना समोर बसविलें त्यांच्यापैकीं कितीजणांना आपलें चित्र पाहावयास मिळालें असेल? आज आमच्या मुलाच्या हातीं जो कॅमेरा आहे त्यानें जॉन्सनचेंच काम करावयाचें, फक्त अधिक वेगानें, कीं दुसरें कांहीं?

हा प्रश्न ह्याच वार्षिकाच्या संपादन-मंडळापुढें प्रत्यक्ष उभा राहिला, म्हणून तो लिहितों. दहावींतील एका विद्यार्थ्यानें सांगलीच्या हळद-बाजारांत काढलेलें एक चित्र मुखपृष्ठासाठीं आणिलें. हमालाच्या पाठीवर पोतें, चेहरा हळदीनें माखलेला, डोळे मिटलेले, मागें आडवा आलेला सकाळचा प्रकाश. यंदा आलेल्या चित्रांत तें निःसंशय सर्वोत्कृष्ट होतें. मुलाचा कॅमेरा जुना, हाताळलेला, एकाच भिंगाचा. हमालापासून तो दोन पावलांवर उभा होता हें चित्रावरूनच कळत होतें. मंडळांतील एका सन्मान्य सहकाऱ्यांनीं तें तात्काळ छापावें असें म्हटलें. बाजार ही सार्वजनिक जागा आहे, तेथें चित्र काढण्यास कायद्याची आडकाठी नाहीं, आणि विचारीत बसलें तर ह्या कलेंतील जीवच जाईल, हा त्यांचा युक्तिवाद. तो पोकळ नव्हे. विचारल्यावर माणूस बटणें लावतो, केसांवरून हात फिरवितो व सरकारी कचेरींतल्यासारखा ताठ उभा राहतो, हें कोण नाकारील? कायद्याचें म्हणाल तर २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पण रस्त्यावरील प्रत्येक फोटोचा निकाल त्यांत शोधणें व्यर्थ आहे. कायद्यानें चालेल एवढ्यानें आमच्या शाळेंत चालेल, असें होत नाहीं.

मी म्हणालों, चित्र आधीं काढलें यांत दोष नाहीं. पण छापण्यापूर्वीं तें त्या माणसानें पाहिलें पाहिजे. मुलाचा मामा सांगलीस असतो. तो छापील प्रत घेऊन एस्. टी. नें गेला, व दुसऱ्या दिवशीं हमाल त्याला सांपडला. चित्र पाहून तो गृहस्थ रागावला नाहीं, पण म्हणाला, "ह्यात माझं डोळं मिटल्यात. घरचं बघून काय म्हणतील? दुसरा काढ की." मग त्यानें तोंड धुतलें, सदऱ्यावरील बिल्ला सरळ केला, पोत्यांच्या थप्पीवर हात ठेवला आणि तो उभा राहिला. नांव काय लिहावें, तेंही त्यानें सांगितलें व मुलाकडून वहींत लिहून घेवविलें.

दुसरें चित्र पहिल्याच्या पासंगालाही लागत नाहीं. प्रकाश सपाट, हात अवघडलेला. मुलगा फारच हिरमुसला होता, आणि त्याचें हिरमुसणें मला मुळींच चुकीचें वाटत नाहीं. ज्याला पहिलें चित्र काढतां आलें त्याला दुसऱ्याचें उणें दिसणारच. मंडळांत पुन्हां वाद झाला. पहिलेंच छापावें, नांव घालूं नये, म्हणजे कोणाला ओळखतां येणार नाहीं, अशी तडजोड सुचविण्यांत आली. मला ती सर्वांत वाईट वाटली, कारण ती नेमकी जॉन्सनची वाट आहे. अखेरीस दुसरें चित्र आंतल्या पानावर, त्या गृहस्थाच्या नांवासकट घेण्याचें ठरलें, आणि मुखपृष्ठावर अजिंक्यतारा आला. चांगलें चित्र हातचें गेलें, याचें मला वाईट वाटतें. तरीही आज पुन्हां मत विचारलें तर मी तेंच देईन.

ह्या प्रकरणांत यंत्राचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा, कीं वीस पावलांवरच्या लांब भिंगानें काढलें असतें तर हमालाला मुलगा दिसला नसता, व मुलाला पुन्हां त्याच्याकडे जाण्याचें तोंड राहिलें नसतें. दोन पावलांवरच्या माणसाला दुसऱ्या दिवशीं ओळख लागते. मोबाइलनें काढलें असतें तर तें चित्र सांगलीच्या स्थानकावर एस्. टी. सुटण्यापूर्वींच शें-दोनशें जणांकडे पोंचलें असतें, आणि मग विचारण्याला अर्थच उरला नसता. लहान कॅमेऱ्यांतील चित्र घरीं येईपर्यंत कोणाकडे जात नाहीं. तेवढ्या अवधींत घरचें कोणी वडील माणूस तें पाहतें, मुलगा स्वतः दोनदां पाहतो.

आणि कांहीं प्रसंगीं कॅमेरा खिशांतच राहावा. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर चढलें, तेव्हां सांगलींत निम्म्या गांवाचा संसार रस्त्यावर आला होता. त्या पाण्याचीं चित्रें हवींच होतीं. त्यांच्यामुळें मदत आली. पण नावेंतून उतरणाऱ्या, अंगावर धड कोरडें वस्त्र नसलेल्या बायकांसमोर मोबाइल धरणारे हात मदत आणणारे नव्हते. पत्रकाराला तेथें काम असतें. शाळकरी मुलाला तेथें जें काम असतें, त्याला दोन्ही हात मोकळे लागतात.

शाळेसाठीं एक कॅमेरा घ्यावा असें यंदा ठरत आहे. एकच भिंगाचा, लहान, हाताळलेला घ्यावा, हें माझें मत वर आलेंच आहे. त्याबरोबर मंजूर रकमेचा दहावा हिस्सा छापील प्रतींसाठीं बाजूला काढावा, आणि जो मुलगा कपाटांतून कॅमेरा नेईल त्यानें मागच्या खेपेच्या प्रती ज्याच्या त्याला पोंचविल्याची नोंद वहींत केल्याशिवाय त्याला तो पुन्हां मिळूं नये, अशी सूचना मीं मुख्याध्यापकांकडे लेखी दिली आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, एवढ्यावर ती तूर्त अडली आहे.